परातीतले फासे आणि वासोट्याची वाट

शुक्रवार

डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी दुपारी आम्ही साताऱ्यात राजवाड्यापाशी जमलो, तेव्हा प्रत्येकाच्या पाठपिशवीत स्वेटर-कानटोपीबरोबर पेन्सिली, खोडरबर आणि बहुपैलू फाशांची एकेक थैली होती. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी तंबूत राहायचे, शनिवारी वासोटा पाहायचा आणि उरलेला सगळा वेळ टेबलटॉप रोलप्लेइंगला, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत गोष्ट रचण्याच्या खेळाला द्यायचा, असा बेत आमच्या सूत्रधाराने दिवाळीतच पक्का केला होता. सूत्रधार म्हणजे खेळातली गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, ज्याला खेळणारे नुसते डीएम म्हणतात. हा मूळचा साताऱ्याचा, नोकरीने पुण्याचा आणि शनिवार-रविवारी सह्याद्रीचा. बाकीच्या मंडळींत सांगलीची एक वकील मैत्रीण, फलटणजवळच्या शाळेत गणित शिकवणारा एक मित्र, कराडात औषधांचे दुकान चालवणारा दुसरा, त्याची अभियांत्रिकीला असलेली चुलत बहीण आणि मी. चुलत बहिणीने हा खेळ पूर्वी कधी पाहिलाही नव्हता. भाऊ निघाला म्हणून ती निघाली होती, आणि कंटाळा आला तर मी तंबूत वाचत बसेन, असे तिने गाडीत बसण्यापूर्वीच आम्हा सर्वांना बजावून ठेवले होते.

कंदी पेढे घेऊन यवतेश्वरचा घाट चढलो. डिसेंबरात कासच्या पठारावर पाहण्यासारखे काही नसते असे म्हणतात, ते मला पटत नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत कास आहे, आणि सप्टेंबरात तेथे फुलांकडे पाहावे की गाड्यांकडे असा प्रश्न पडतो. डिसेंबरात गवत पिवळे पडलेले असते, कातळ उघडा असतो आणि जमिनीचे चढउतार स्पष्ट दिसतात. सूत्रधाराला नेमके तेच हवे होते. तलावाच्या अलीकडे गाडी थांबवून त्याने सर्वांना खाली उतरवले आणि विचारले, "दोनशे माणसे कोणाच्या नजरेस न पडता इथून पलीकडे न्यायची आहेत. कशी न्याल?" शिक्षक मित्राने उताराच्या आडोशाने जाण्याचा मार्ग सुचवला, कराडकराने रात्रीची वेळ सुचवली, वकीलबाईंनी दोनशे माणसे कशासाठी न्यायची हेच आधी विचारले. चुलत बहीण म्हणाली, "दादा, पण एवढ्या माणसांना वाटेत खायला काय घालणार?" सूत्रधाराने तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता वहीत एक ओळ लिहून घेतली.

बामणोलीत पोहोचेपर्यंत दिवस मावळला. तंबूंची व्यवस्था पाहणारे काका गावातलेच. आम्ही ज्या पाण्याच्या काठी उतरलो ते कोयना धरणाचे. साठच्या दशकात धरण झाले तेव्हा या खोऱ्यातील अनेक गावे त्याखाली गेली, आणि काकांच्या वडिलांचे घर त्यांत होते. हे त्यांनी सामान उतरवताना, दिव्याची वायर कुठे जोडायची ते सांगावे तितक्या सहजपणे सांगितले. मोबाइलला रेंज जेमतेम होती आणि तंबूत शिरल्यावर तीही नाहीशी झाली, ही गोष्ट पुढे आमच्या खेळाला फार उपकारक ठरली.

पहिली अडचण टेबलाची निघाली. घडीचे प्लास्टिकचे टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगत होते, वाऱ्याने कागद उडत होते आणि पहिल्याच पाच मिनिटांत एक चार बाजूंचा फासा गवतात पडून कराडकराच्या अनवाणी पायाखाली सापडला. ज्याने हा फासा पाहिला आहे त्याला त्याचे टोक किती तीक्ष्ण असते ते सांगायला नको. शेवटी काकूंकडे पितळी परात मागितली. परातीत कणीक मळतात, सोंगट्या खेळत नाहीत, असे हसत हसत ऐकवून त्यांनी ती दिली, आणि आवाज होऊ नये म्हणून तिच्यात अंथरायला एक जुना पंचाही दिला. तेव्हापासून रविवारी निघेपर्यंत प्रत्येक फासा सर्वांच्या डोळ्यांसमोर त्या परातीतच पडला. एरवी सूत्रधार पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासे टाकतो आणि काय पडले ते फक्त त्यालाच दिसते. येथे पडदा वाऱ्यापुढे टिकणारच नव्हता.

जेवणानंतर नवख्या मुलीला खेळ समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला छापील खेळ. तो अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढला, आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १००० प्रती होत्या. त्याचे मूळ पटावरच्या युद्धखेळांत आहे. त्या खेळांत एक खेळाडू संपूर्ण सैन्य हलवत असे. येथे प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस आला आणि त्या माणसाने काय करावे हे पटावरच्या घरांऐवजी बोलून ठरू लागले. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि ज्या कृतीचा निकाल खरोखर अनिश्चित असेल तेथेच वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या अंकात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर काम फत्ते. "मग यात जिंकते कोण?" तिने विचारले. कोणीच जिंकत नाही, गोष्ट पुढे जाते, असे मी सांगितले. तिच्या चेहऱ्यावरून हे उत्तर तिला अपुरे वाटल्याचे दिसत होते, आणि शुक्रवारी रात्रीपुरते ते अपुरे होतेही.

पात्रे तयार करताना सूत्रधाराने वेळ वाचवण्यासाठी सर्वांना सारखेच आकडे दिले: १५, १४, १३, १२, १० आणि ८. बळ, चपळता, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची ताकद या सहा गुणांत ते ज्याने त्याने हवे तसे वाटून घ्यायचे. नियमांच्या छापील प्रती त्याने सोबत आणल्या होत्या. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाल्यापासून मूळ श्रेय दिले की ते छापून वाटण्यात आडकाठी उरलेली नाही. शिक्षकाने हैबती नावाचा धिप्पाड योद्धा केला, वकीलबाईंनी गोड बोलून गळ्यात दोर अडकवणारी चंद्रा नावाची शाहीर, कराडकराने एक वैदू, मी एक चिडखोर जादूगार, आणि चुलत बहिणीने, बराच वेळ पेन्सिल चावून, कस्तुर नावाची वाटाडी चोर.

सूत्रधाराने मग एक बाजू कोरी असलेले कार्ड परातीशेजारी ठेवले; दुसऱ्या बाजूला मोठी फुली काढलेली होती. कथा तुरुंगातल्या कैद्याची आहे, त्यामुळे काय नको ते आताच सांगा, असे तो म्हणाला. छळाचे वर्णन नको, असे वकीलबाई म्हणाल्या. ते त्यांना कामात पुरेसे वाचावे लागते. लहान मुलांना इजा नको, असे मी म्हणाले. खेळताना एखादा प्रसंग सहन होईनासा झाला तर कार्डावर बोट ठेवायचे, कारण विचारले जाणार नाही आणि प्रसंग तेथेच सोडून पुढे जायचे. अनोळखी लोकांत ही पद्धत अत्यावश्यक आहे हे सगळे मान्य करतात. मला ती मित्रांत जास्त गरजेची वाटते, कारण मित्रांसमोर नको म्हणायला माणूस अधिक संकोचतो.

शनिवार

सकाळी पाण्यावर धुके होते. पोहे-चहा उरकून बोट क्लबवर पावत्या केल्या आणि आमची लाँच निघाली. बामणोलीपासून वासोट्याच्या पायथ्याला सुमारे दीड तास लागतो. दोन्ही बाजूंना डोंगर उतरत पाण्यात शिरतात आणि मध्येच पाण्याचा एखादा फाटा कुठल्या तरी बुजलेल्या ओढ्याच्या दिशेने आत जातो. बोटवाल्या मामांनी वाटेत ताई तेलिणीची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतप्रतिनिधी कैदेत पडल्यावर या बाईने वासोट्यावरून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी कित्येक महिने झुंज दिली, आणि गडावरचे धान्य जळाले तेव्हाच तिला हार मानावी लागली, असे मामा म्हणाले. तिच्यापुढे गोखल्यांची कशी तारांबळ उडाली याची लोकांनी रचलेली चावट तुकबंदी त्यांनी म्हणून दाखवली आणि बोटीत बायका आहेत हे ध्यानात येताच अर्ध्यावर थांबवली. वकीलबाईंनी ती पूर्ण म्हणून दाखवली.

मेट इंदवलीला वनखात्याची चौकी आहे. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. येथे मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत खाली यावेच लागते, आणि सोबत नेलेले प्लास्टिक मोजून नोंदवले जाते. सूत्रधाराच्या फाशांच्या थैलीकडे पाहून वनरक्षकांनी हे काय, म्हणून विचारले. खेळण्याचे फासे आहेत, असे त्याने सांगितल्यावर त्यांनी तीही नोंद केली: प्लास्टिकचे फासे, सात. सह्याद्रीच्या इतिहासात अशी नोंद दुसरी सापडणार नाही.

ओढ्याकाठच्या मारुतीला हात जोडून चढ सुरू केला. झाडी इतकी दाट की अकरा वाजताही ऊन जमिनीपर्यंत तुकड्या-तुकड्यांनीच पोचत होते. एका वळणावर वाटेत बेहड्याची फळे पडलेली होती, आणि ती पाहून गणिताचे सर, आता त्यांना सरच म्हणायला हवे, थांबले. वैदिक काळातले जुगारी बेहड्याच्या फळांनीच खेळत. फळाला बाजू नसतात, त्यामुळे अंक वाचण्याचा प्रश्न येत नाही. ढिगातून मूठभर फळे उचलायची, मोजायची आणि चारने भागून बाकी पाहायची. बाकी काही उरली नाही तर ते कृत, सर्वांत उत्तम. तीन उरले तर त्रेता, दोन तर द्वापर, आणि एक उरले तर कलि. युगांना हीच नावे पुढे मिळाली. "म्हणजे आपण सध्या सर्वांत वाईट डावात आहोत," कराडकर म्हणाला. चुलत बहिणीने मुठीत फळे उचलून मोजली, द्वापर निघाले, आणि अभयारण्यातून काही न्यायचे नसते म्हणून तिने ती पुन्हा तेथेच टाकली.

चढताना सरांनी हाच धागा पुढे चालवला. आमच्या थैलीतल्या फाशांपैकी चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे हे भूमितीतील पाच नियमित घन होत. सर्व बाजू एकसारखे नियमित बहुभुज असलेले आणि प्रत्येक कोपऱ्यात सारख्याच संख्येने बाजू मिळणारे असे बहिर्वक्र घन पाचच असू शकतात. दहा बाजूंचा त्यांत बसत नाही, तो नंतर आला. सत्तरच्या दशकात या खेळाच्या प्रकाशकांनी वीस बाजूंचे फासे शाळांना भूमितीची साधने पुरवणाऱ्यांकडून घेतले होते. त्यावर शून्य ते नऊ हे अंक दोनदा असत, आणि अंकांत रंग भरलेला नसल्याने खेळाडू ते मेणाच्या खडूने स्वतः भरत. शाळेसाठी केलेली वस्तू खेळात गेली याचे सरांना फार समाधान होते. ती परत शाळेत आणायची आहे, एवढे बोलून ते गप्प झाले, कारण चढ खडा होऊ लागला होता.

गडावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि महादेवाचे देऊळ पाहिले. या सगळ्यापेक्षा आम्ही जास्त वेळ काढला तो बाबुकड्यावर. कडा आत वळत जाऊन एकदम कोकणात कोसळतो आणि समोर जुना वासोटा उभा राहतो. सूत्रधाराने आम्हाला येथे खाली बसवले आणि १८१८ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून या गडावर मारा केला आणि गड घेतला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी आणि दोन इंग्रज अधिकारी त्या वेळी येथे कैदेत होते. ज्या गडाची वाट इतकी अवघड, तो समोरच्या डोंगरावरून पडला. वकीलबाई बराच वेळ त्या डोंगराकडे पाहत होत्या. सूत्रधार आपल्याला रात्रीचा प्रसंग दाखवून ठेवतो आहे, हे आमच्यापैकी त्यांच्या एकटीच्याच लक्षात आले असावे.

उतरून, प्लास्टिक मोजून देऊन, सातही फासे परत दाखवून आम्ही शेवटच्या बोटींपैकी एकीने बामणोलीला आलो. जेवणात भाकरी, जलाशयातल्या माशाचे कालवण आणि शाकाहाऱ्यांसाठी पिठले होते. साडेआठला परात मध्ये आली.

प्रसंग असा होता. एका कल्पित राज्यात काळकडा नावाचा गड आहे, त्याची किल्लेदारीण गंगूबाई, आणि तिच्या कैदेत एक वृद्ध नकाशेकार. राज्यातल्या सर्व चोरवाटा त्याच्या डोक्यात आहेत. त्याला जिवंत सोडवायचे. एवढे सांगून सूत्रधार मागे रेलून बसला आणि आम्ही जवळजवळ दीड तास नुसते बोलत राहिलो. या खेळाची सर्वांत मोठी खोड हीच की खेळाडू बेत आखत बसतात. अनेक सूत्रधार त्याला कंटाळून मध्येच दरोडेखोर आणून सोडतात. आमच्या सूत्रधाराने तसे केले नाही, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. बेत आखणे हाच त्या रात्रीचा खेळ होता. त्या काळात एकही फासा पडला नाही आणि तरीही कोणी जागचे हलले नाही.

हैबतीने दरवाजावर चालून जावे, हा पहिला बेत लगेच बाद झाला. माझ्या जादूगाराने धुके पाडावे, हा दुसराही वाऱ्याच्या मुद्द्यावर बाद झाला. दिवसभर तोच वारा अंगावर घेतल्याने त्याविषयी वाद घालायला जागाच नव्हती. मग वकीलबाई म्हणाल्या, समोरचा डोंगर आहे का? आहे, सूत्रधार म्हणाला. त्यावरून गड दिसतो का? दिसतो. तोफा चढवता येतील का? त्यासाठी तुमच्याकडे तोफाच नाहीत, तो म्हणाला. यावर कराडकराने ओंडके पोखरून आणि काजळी फासून तोफा करण्याचे सुचवले, आणि रात्री समोरच्या माथ्यावर शंभर ठिकाणी जाळ पेटवायचा असे ठरले, म्हणजे गडावरून पाहणाऱ्याला तेथे फौज उतरल्यासारखे वाटेल. ओंडके आणायचे, जाळ पेटवायचे, वाट चढायची, यांतल्या कशासाठीही सूत्रधाराने फासा मागितला नाही. तुम्ही आज ती वाट चढला आहात, सरपण किती लागते ते तुम्हाला माहीत आहे, मग मी काय विचारू, असे तो म्हणाला. सूत्रधाराचे खरे कौशल्य या नकारात दिसते. नवखा सूत्रधार दार उघडायलाही फासा टाकायला लावतो, आणि मग शूर योद्धा उघड्या दाराशी तीनदा अडखळतो.

फासा आला तो गंगूबाईच्या मनाशी. चंद्रा शाहीर पांढरे निशाण घेऊन दरवाजाशी गेली आणि समोर अमुक इतक्या तोफा आहेत, पहाटेपर्यंत कैदी द्या, असे तिने बजावले. थाप पटवण्यासाठी पंधराची बेरीज हवी होती आणि चंद्राच्या कौशल्याचे पाच होते. म्हणजे फाशावर दहा किंवा अधिक पडायला हवे, शक्यता ५५ टक्के. पण जाळ डोळ्यांना दिसत होते, म्हणून सूत्रधाराने ॲडव्हांटेज दिला: दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. सरांनी तेथेच हिशेब सांगितला की आता दोन्ही फासे एकाच वेळी चुकले तरच थाप फसेल, त्यामुळे शक्यता जवळजवळ ८० टक्के होते. आमच्या दीड तासाच्या बोलण्याची किंमत ही एवढी, सुमारे पंचवीस टक्के. परातीत चार आणि तेरा पडले. तेरा आणि पाच अठरा. गंगूबाईला पटले.

आणि नेमके तेथेच आमचे गणित कोलमडले, कारण पटले म्हणून ती शरण आली नाही. तोफांखाली गड टिकत नाही हे तिने ओळखले आणि कैद्याला रातोरात मागच्या बाजूने खाली काढण्याचा हुकूम दिला. आम्ही सगळे समोरच्या डोंगरावर आणि कैदी उलट दिशेने निघालेला. कोणाच्याच तोंडून शब्द निघेना. तेव्हा चुलत बहीण म्हणाली, "कस्तुर तुमच्याबरोबर जाळ लावायला आलीच नाही. मी मघाशीच सांगितले होते की ती नाल्याच्या वाटेवर थांबेल. गडाला दोन वाटा असतात, सकाळी आपण पाहिले ना, एक नागेश्वराकडे जाते." तिने खरेच सांगितले होते, आम्ही आपापल्या बेतांत इतके गुंतलो होतो की कोणी ऐकले नव्हते. सूत्रधाराच्या वहीत मात्र ते लिहिलेले होते.

पुढची चकमक मी थोडक्यात सांगते. कस्तुरने पहारेकऱ्यांना रोखून धरले, हैबती दोराने उतरून तिच्या मदतीला पोचला, आणि नकाशेकार सुटला त्याच क्षणी हैबती खाली पडला. नियम असा की शक्ती शून्यावर आलेल्या पात्राने आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा अधिक पडले तर एक जमा, कमी पडले तर एक खोट. तीन जमा झाल्या तर जीव वाचतो, तीन खोटी झाल्या तर जातो, आणि एक पडला तर दोन खोटी धरतात. सरांनी सात टाकले. मग बारा टाकले. माझा जादूगार आणि कराडकराचा वैदू धावत होते, पण डोंगर मध्ये होता, आणि तो किती मोठा आहे हे आमच्या पायांना चांगले ठाऊक होते. तिसऱ्या वेळी परातीत एक पडला.

पडद्याआड फासा असता तर सूत्रधाराने काय केले असते, यावर शेकोटीशी मध्यरात्रीपर्यंत वाद झाला. कराडकराचे म्हणणे असे की सूत्रधार हा कथेचा राखणदार आहे आणि चांगले पात्र वाचवण्यासाठी त्याने आकडा फिरवला तर त्यात गैर काही नाही. दुकानात नाही का आपण कधी सुटे पैसे सोडून देत? वकीलबाईंनी याला कडाडून विरोध केला. निकाल आधी ठरवायचा आणि मग सुनावणीचे सोंग आणायचे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. सूत्रधार म्हणाला की त्याने पूर्वी आकडे फिरवले आहेत आणि दर वेळी खेळाडूंना ते नंतर कळले आहे, चेहऱ्यावरूनच. मी वकीलबाईंच्या बाजूची. फासा टाकायचाच नसेल तर टाकू नये, सरळ सांगून टाकावे की हैबती वाचतो. पण एकदा हातातून सुटला की तो सगळ्यांचा झाला. ज्यांचे पात्र गेले ते सर वादात पडलेच नाहीत. ते सात, बारा आणि एक या क्रमाने मरण येण्याची शक्यता कागदावर मांडत होते.

रविवार

सकाळ निवांत होती. दवाने ओले झालेले कागद दगडाखाली ठेवून उन्हात वाळवले, पात्राची माहिती लिहिलेल्या एका पत्रिकेवरची शाई पसरून कराडकराच्या वैदूची औषधे वाचेनाशी झाली, आणि त्याने या संधीचा फायदा घेऊन दोन अधिकच लिहिली. वकीलबाईंनी ती खोडायला लावली.

कथा संपवायला दोन तास लागले. सरांना नवे पात्र हवे होते आणि त्यांनी शत्रूचाच एक शिपाई घेतला, आदल्या रात्री ज्याने हैबतीवर वार केला तोच. या निवडीने सगळे बदलले. नकाशेकार आमच्या हाती असला तरी गंगूबाईचे माणूसबळ शाबूत होते आणि आमच्या तोफा लाकडाच्या आहेत हे उजाडताच तिला दिसणार होते. शिपायाने आम्हाला सांगितले की गडावर धान्य दहा दिवसांचेच आहे. हे आम्ही कसे वापरायचे, यावर पुन्हा बेत सुरू झाले, कोठार पेटवण्याची भाषा निघाली, आणि आदल्या दिवशी बोटीत ऐकलेल्या हकीकतीची सर्वांनाच आठवण झाली. चुलत बहिणीने ते नको म्हटले. गडावर शिपायांची बायकामुले असतील, ती म्हणाली, आणि तिचे बोट कार्डाकडे गेले. कोणी कारण विचारले नाही. सूत्रधाराने कोठाराचा विषय तेथेच सोडला.

शेवटी कस्तुर एकटी गडावर बोलणी करायला गेली. तिच्या पत्रिकेवर बोलण्याचे कौशल्य जेमतेम होते, आणि फासा टाकावा लागला असता तर ती बहुधा हरली असती. पण तिने मागणी अशी केली की नकाशेकार दोघांनाही हवा आहे तो चोरवाटांसाठी. त्या वाटांनी गडावर धान्य आणता येईल, आम्ही ते आणून देतो, तुम्ही आम्हाला सुखरूप जाऊ द्या. सूत्रधाराने परातीकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि फासा उचलून थैलीत टाकला. गंगूबाईला हे मान्य आहे, तो म्हणाला. उपाशी किल्लेदाराला यात नाकारण्यासारखे काही नाही. कासच्या पठारावर त्याने वहीत लिहिलेली ओळ त्याने तेव्हा आम्हाला दाखवली. "खायला काय घालणार?" एवढेच तीत होते, आणि काळकड्याचे धान्याचे संकट त्याने शुक्रवारी रात्री त्यावरूनच रचले होते.

काकूंची परात घासून परत केली, हिशेब चुकता केला आणि दुपारी निघालो. गाडीत सर आणि सूत्रधार पुढे बसले होते आणि सरांनी शाळेचा विषय काढला. आठवीच्या वर्गात त्यांना हा खेळ घ्यायचा आहे, पण वीस बाजूंचे फासे चाळीस मुलांना पुरवणे शक्य नाही आणि नियमांचे एवढे जाड पुस्तक वर्गात चालणार नाही. सूत्रधाराने दोन साध्या फाशांवर चालणारी पद्धत सुचवली: बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होते पण काहीतरी किंमत मोजून, आणि सहा किंवा कमी आली तर संकट. २०१० नंतर या पद्धतीचे खेळ बरेच निघाले आहेत. सरांनी गाडीच्या धक्क्यांत छत्तीस शक्यता मांडल्या: दहा किंवा अधिक सहा वेळा, सात ते नऊ पंधरा वेळा, सहा किंवा कमी तीही पंधरा वेळा. हे मुलांना फार कठोर होईल, असे त्यांचे मत पडले. प्रत्येकाला एका कामात एक अधिक द्या, सूत्रधार म्हणाला, की फत्ते सहावरून दहावर जाते, संकट पंधरावरून दहावर येते आणि मधले सोळा उरतात. सरांनी ते पुन्हा मोजून पाहिले, बरोबर निघाले, आणि मग त्यांनी मागे वळून चुलत बहिणीला विचारले की सुट्टीत दोन दिवस फलटणला येऊन मुलांचा एक गट सांभाळशील का. परीक्षा झाल्यावर येईन, सर, ती म्हणाली, पण गोष्टीतला गड मी ठरवणार.